विधी महाविद्यालयाची निवड आणि सहवासाचा निकष

कायद्याच्या पदवीसाठी प्रवेश घेऊ इच्छिणारा विद्यार्थी महाविद्यालयांचा पसंतीक्रम ठरवतो तेव्हा कटऑफ, फी, मानांकन, घरापासूनचे अंतर आणि अलीकडच्या काळात प्लेसमेंट या पाच गोष्टींचा विचार त्याच्या घरात हमखास होतो. त्या महाविद्यालयात आपल्याला सामावून घेतले जाईल काय, तेथे मोकळेपणाने शंका विचारता येईल काय, वरच्या वर्गातील विद्यार्थी हात देतील काय, हे प्रश्न मात्र फार झाले तर शेवटी विचारले जातात आणि बहुधा हौसेच्या सदरात टाकले जातात. वैद्यक किंवा अभियांत्रिकीच्या बाबतीत हा क्रम एक वेळ समजण्यासारखा आहे, कारण तेथे प्रयोगशाळा, रुग्णालय आणि यंत्रसामग्री यांवर शिक्षणाचा मोठा भार असतो. कायद्याच्या शिक्षणाचे मुख्य साधन मात्र माणसांमधला वाद हेच असल्याने, ज्या माणसांमध्ये तो वाद शिकायचा त्यांची पारख केल्याशिवाय केलेली निवड अर्धवट राहते.

कायद्याची कलमे कोणत्याही कायदेविषयक पुस्तकांच्या दुकानात ‘बेअर ॲक्ट’च्या, म्हणजे भाष्याविना छापलेल्या मूळ कायद्याच्या, स्वरूपात स्वस्तात मिळतात आणि उच्च न्यायालयांचे व सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आता घरबसल्या वाचता येतात. त्यामुळे महाविद्यालयाने द्यायचे ते याहून वेगळे असते: आपला युक्तिवाद दुसऱ्यासमोर मांडणे, तो खोडला गेल्यावर न चिडता दुरुस्त करणे, आणि ज्याच्याशी वाद घातला त्याच्याशीच संबंध टिकवणे. जिल्हा न्यायालयात सकाळी एकमेकांचे साक्षीदार उलटतपासणीत कोंडीत पकडणारे दोन वकील दुपारी एकाच बार रूममध्ये डबा उघडतात, ही या व्यवसायाची रीत आहे, आणि या रीतीचे पहिले धडे महाविद्यालयातच गिरवले जातात.

पंक्तीत घडणारे वकील

सहवास हा वकिलीच्या पात्रतेचाच भाग मानण्याची परंपरा सर्वांत ठळकपणे लंडनमध्ये दिसते. लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल आणि ग्रेज इन या तेथील चार संस्था बॅरिस्टरची सनद देतात. त्यांच्या जुन्या नियमांनुसार उमेदवाराला परीक्षेबरोबरच बारा सत्रे ‘पाळावी’ लागत, आणि सत्र पाळणे म्हणजे त्या सत्रात संस्थेच्या भोजनगृहात ठरावीक वेळा जेवणे. ज्येष्ठ सदस्यांच्या सान्निध्यात जेवता जेवता नवख्याला बोलण्याची रीत, व्यवसायाचे संकेत आणि माणसांची ओळख व्हावी, हा त्यामागचा मूळ हेतू होता.

इनर टेंपलमधून १८९१ साली बॅरिस्टर झालेल्या मोहनदास गांधींनी या भोजनांचे वर्णन आत्मकथेत केले आहे. प्रत्येक सत्रातील सुमारे चोवीस भोजनांपैकी किमान सहांना हजर राहावे लागे, विद्यार्थी चौघाचौघांच्या गटाने बसत आणि प्रत्येक गटाला मद्याच्या दोन बाटल्या मिळत. गांधी मद्याला शिवत नसल्याने त्यांच्या वाट्याचे इतर तिघांना मिळे, आणि म्हणून आपल्या गटात त्यांनी बसावे अशी अनेकांची इच्छा असे. त्यांच्यासारख्याच शाकाहारी असलेल्या एका पारशी सहाध्यायासह त्यांना ज्येष्ठांच्या टेबलावरची फळे व भाज्या मिळू लागल्या, त्याही रीतसर अर्ज करून. मात्र त्यांनी नोंदवलेली खरी महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. पूर्वी विद्यार्थी थोडे असताना ज्येष्ठांशी त्यांचा संवाद होत असे. गांधींच्या काळात ज्येष्ठांचे टेबल वेगळे होते आणि तो संवाद उरलेला नव्हता. पंगत चालू होती, हजेरी लागत होती, पण ज्या कारणासाठी पंगत मांडली ते कारण नाहीसे झाले होते. आजच्या महाविद्यालयांतील फ्रेशर्स पार्टी, इंडक्शन सप्ताह आणि स्नेहसंमेलन यांकडे पाहतानाही हाच फरक ध्यानात ठेवावा लागतो.

एकत्र जेवण्याला महाराष्ट्रात याहून अवघड आणि याहून मोठा अर्थ होता. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात वेगवेगळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंक्तीला बसत. १९२७ मध्ये गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. लंडनच्या संस्थांमध्ये आत आलेल्यांना एकमेकांची ओळख करून दिली जाई; साताऱ्याच्या वसतिगृहाने ज्यांना कोणी आत घेत नव्हते त्यांना आत घेतले. विधी महाविद्यालयाच्या ‘आपलेपणा’चे मोजमाप करताना हे दोन्ही निकष लागतात, आणि त्यांतला दुसरा अधिक कठोर आहे.

नाशिकमध्ये १८६६ साली जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांची हकिकत या दुसऱ्या निकषाची साक्ष देते. ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकणाऱ्या त्या पहिल्या महिला. १८९२ मध्ये पुरुष विद्यार्थ्यांबरोबर परीक्षेला बसण्यासाठी त्यांना विद्यापीठाची खास परवानगी लागली, आणि त्या परीक्षेची पदवी प्रत्यक्ष हाती पडायला १९२२ साल उजाडले, कारण १९२० पर्यंत त्या विद्यापीठात स्त्रियांना पदव्या देण्याची सोयच नव्हती. त्याच १९२२ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि पुढे १९३५ मध्ये मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. ज्या समाजाला पाणवठ्यावर आणि देवळात मज्जाव होता, त्या समाजातील माणूस १८५५ साली स्थापन झालेल्या या महाविद्यालयाच्या प्रमुखपदी बसणे, ही त्या संस्थेच्या दाराची रुंदी दाखवणारी घटना होती.

सर्वोच्च न्यायालयापुढे आलेला सहवास

विधी महाविद्यालयातील सहवासाला किंमत असते काय, हा प्रश्न एका देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे थेट निर्णयासाठी आला आणि त्याचे उत्तर होकारार्थी मिळाले. ह्यूस्टनमधील टपालवाटप कर्मचारी हेमन स्वेट यांनी १९४६ साली टेक्सास विद्यापीठाच्या विधी विद्यालयात अर्ज केला. ते कृष्णवर्णीय असल्याच्या एकमेव कारणावरून तो नाकारण्यात आला. अमेरिकेत त्या काळी ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व मान्य होते, म्हणजे सोयी समान असतील तर वर्णानुसार वेगळी व्यवस्था घटनाबाह्य ठरत नसे. या तत्त्वाचा आधार घेऊन राज्याने ऑस्टिनमध्ये एका तळघरात कृष्णवर्णीयांसाठी स्वतंत्र विधी विद्यालय उघडले आणि पुढे ते ह्यूस्टनच्या नव्या विद्यापीठात हलवले.

खटला सर्वोच्च न्यायालयात पोहोचला तेव्हा जुन्या विद्यालयात १६ पूर्णवेळ प्राध्यापक, ८५० विद्यार्थी आणि ६५ हजारांहून अधिक ग्रंथ होते, तर नव्यात ५ प्राध्यापक, २३ विद्यार्थी आणि साडेसोळा हजार ग्रंथ होते. एवढ्या तफावतीवरच निकाल देता आला असता. परंतु ५ जून १९५० रोजी सरन्यायाधीश फ्रेड विन्सन यांनी लिहिलेल्या एकमताच्या निकालाने त्यापुढे जाऊन असे मांडले की, ज्या गोष्टी मोजता येत नाहीत त्याच विधी विद्यालयाला मोठे करतात: प्राध्यापकांचा लौकिक, माजी विद्यार्थ्यांचे स्थान, परंपरा आणि समाजातील प्रतिष्ठा. ज्या नव्या विद्यालयातून राज्यातील ८५ टक्के लोकसंख्या वगळली आहे, आणि ज्यांच्याशी उद्या वकील म्हणून गाठ पडायची ते बहुतेक वकील, साक्षीदार, ज्यूरी सदस्य व न्यायाधीश त्या वगळलेल्या लोकसंख्येतच आहेत, तेथे शिकून वकिली येणार नाही; कारण विचारांच्या देवाणघेवाणीपासून तुटलेल्या पोकळीत कायदा शिकता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. स्वेट यांची बाजू थर्गुड मार्शल यांनी मांडली होती, जे पुढे त्याच न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले.

त्याच दिवशी दिलेला दुसरा निकाल या विषयाला आणखी जवळून भिडतो. ओक्लाहोमा विद्यापीठाने जॉर्ज मॅक्लॉरिन या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला शिक्षणशास्त्राच्या उच्च अभ्यासक्रमात प्रवेश दिला होता, पण त्यांना वर्गाला लागून असलेल्या वेगळ्या खोलीत बसवले जाई, ग्रंथालयात त्यांच्यासाठी पोटमाळ्यावरचे ठरावीक टेबल होते आणि उपाहारगृहात त्यांनी वेगळ्या वेळी, वेगळ्या टेबलावर जेवायचे असे. शिक्षक तेच, पुस्तके तीच, फळाही दिसत होता. तरीही सहाध्यायांशी चर्चा करण्याची संधी हिरावल्याने त्यांचे शिक्षणच उणे होते, असे न्यायालयाने ठरवले. मात्र त्याबरोबर न्यायालयाने आपल्या अधिकाराची मर्यादाही सांगितली: राज्याने विद्यार्थ्यांना एकमेकांपासून तोडणे घटनाबाह्य आहे, पण अडथळा दूर झाल्यावर सहाध्यायी जवळ येतील की नाही हे त्यांचे त्यांनी ठरवायचे.

ही मर्यादा किती खरी होती हे स्वेट यांच्या अनुभवातून दिसून आले. १९५० मध्ये ते टेक्सास विद्यापीठात दाखल झाले, पण दीर्घ खटल्याने खचलेली प्रकृती, मोडलेला संसार आणि आवारातील वैरभाव यांमुळे पदवी न घेताच त्यांना ते सोडावे लागले. प्रवेशाचा हक्क न्यायालय मिळवून देऊ शकते. वर्गात आपले मानून घेणे हे काम संस्थेला आणि तिच्यातील माणसांना करावे लागते.

आपलेपणाची रचना

हे काम चांगल्या स्वभावावर सोडून भागत नाही, हे अमेरिकेतील विधी विद्यालयांना उशिरा का होईना उमगले. तेथे पहिल्या वर्षाचे विद्यार्थी ‘सेक्शन’मध्ये, म्हणजे वर्षभर एकत्र शिकणाऱ्या तुकड्यांत, विभागले जातात. प्राध्यापक व्याख्यान न देता एखाद्याला उभे करून निकालावर प्रश्नांची सरबत्ती करतात; सॉक्रेटिसच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत हार्वर्डमध्ये ख्रिस्तोफर लँगडेल यांनी १८७० च्या दशकात रुजवली. तिच्या जोडीला अनेक ठिकाणी ‘कर्व्ह’वर गुण दिले जातात, म्हणजे वर्गातील किती जणांना कोणती श्रेणी द्यायची याचे प्रमाण आधीच ठरलेले असते. अशा वर्गात एकाने वर जायचे तर दुसऱ्याने खाली यावे लागते, आणि मग नोट्स देण्याघेण्यालाही हिशेब चिकटतो.

हार्वर्डने या शतकाच्या आरंभी पहिल्या वर्षाच्या तुकड्या लहान करून सुमारे ८० विद्यार्थ्यांवर आणल्या. २००३ ते २००९ या काळात तेथे अधिष्ठाता असलेल्या आणि आज अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश असलेल्या एलेना केगन यांनी विद्यार्थ्यांसाठी मोफत कॉफी ठेवली आणि हिवाळ्यात आवारात बर्फावर घसरण्याचे मैदान तयार करवले. या गोष्टींची चर्चा खूप झाली. पण २००८ मध्ये अक्षरश्रेणी बंद करून ‘ऑनर्स’ व ‘पास’ अशा मोजक्या श्रेणींची पद्धत स्वीकारण्याचा जो निर्णय झाला, तो कॉफीपेक्षा खोलवर जाणारा होता. येल विद्यापीठात तर पहिल्या सत्रात श्रेणीच देत नाहीत. उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढेच नोंदवतात. नवख्याला चुकण्याची मुभा देणारा नियम हा स्वागताच्या भाषणाहून अधिक कामाचा असतो.

संख्येलाही महत्त्व असते. मिशिगन विद्यापीठाच्या विधी विद्यालयासंबंधी २००३ मध्ये दिलेल्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘क्रिटिकल मास’ची, म्हणजे पुरेशा संख्येची, संकल्पना मान्य केली होती: अल्पसंख्य गटातील विद्यार्थी वर्गात इतके तरी असावेत की, त्यांना एकटे वाटू नये आणि त्यांच्यातील प्रत्येकाकडे साऱ्या समाजाचा प्रवक्ता म्हणून पाहिले जाऊ नये. वर्णाचा विचार करून प्रवेश देण्याची ती वाट २०२३ च्या निकालाने जवळपास बंद झाली, तरी तिच्यामागचे निरीक्षण खोटे ठरलेले नाही. वर्गातील एकुलत्या एका विद्यार्थ्याला बोलण्याचे धाडस करावे लागते. तसे पाचदहा जण असले की ते सहज बोलतात.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यापुढचे दोन रस्ते

भारतात बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यालयाची पहिली तुकडी १९८८ मध्ये दाखल झाली आणि प्रा. माधव मेनन यांच्या नेतृत्वाखाली निवासी, पाच वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाचा नमुना देशभर गेला. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे अशी विद्यापीठे आहेत. दुसरा रस्ता संलग्न महाविद्यालयांचा: पुण्याचे १९२४ चे आयएलएस, कोल्हापूरचे १९३३ चे आजचे शहाजी विधी महाविद्यालय, पणजीजवळ मिरामार येथील साळगावकर विधी महाविद्यालय आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील इतर अनेक. निवासी विद्यापीठात सहवास आवारातच मिळतो; रात्री बारा वाजता मूट कोर्टचे, म्हणजे काल्पनिक खटल्यावर चालवल्या जाणाऱ्या अभिरूप न्यायालयाचे, निवेदन तपासून देणारा सिनिअर शेजारच्या खोलीत असतो. संलग्न महाविद्यालयात विद्यार्थी वर्ग संपताच नोकरीवर किंवा एखाद्या वकिलाच्या चेंबरमध्ये जातो. तेथे सहवास कमी असतो असे नाही, पण तो महाविद्यालयापेक्षा न्यायालयाच्या आवारात अधिक घडतो.

या दोन रस्त्यांच्या तोंडाशी भाषेचे फाटक आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठीची ‘क्लॅट’ ही सामाईक परीक्षा २००८ पासून इंग्रजीतच होते, तर राज्याची विधी सीईटी मराठीतही देता येते. राष्ट्रीय विद्यापीठांत ग्रामीण व वंचित घरांतील मुले पोहोचावीत म्हणून प्रा. शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये ‘आयडिया’ हा उपक्रम सुरू केला, तो याच फाटकाची जाणीव ठेवून. आत गेल्यावरही प्रश्न संपत नाही: पहिल्या आठवड्यात अडखळत इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला वर्ग हसतो की थांबून ऐकतो, यावर त्याची पाच वर्षे ठरू शकतात. वास्तविक महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा १९९८ च्या अधिसूचनेपासून मराठी आहे. सातबारा, फेरफार आणि पंचनामा सहज वाचणारा विद्यार्थी विधी साहाय्य केंद्रात सर्वांत उपयोगी पडतो. जे महाविद्यालय या विद्यार्थ्याला इंग्रजीची शिकवणी देते आणि त्याच्याकडून इतरांना सातबारा शिकवून घेते, तेथे आपलेपणाला दोन्ही बाजूंनी अर्थ येतो.

पारख कशी करावी

माहितीपत्रकातील हसऱ्या चेहऱ्यांवरून काही कळत नाही. नियम, वेळा आणि नोंदी यांवरून पुष्कळ कळते. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या नियमांनुसार एका तुकडीत ६० पेक्षा अधिक विद्यार्थी नसावेत. प्रत्यक्षात वर्गात किती बसतात आणि शिकवणाऱ्यांपैकी किती जण तासिका तत्त्वावर, म्हणजे केवळ शिकवलेल्या तासांच्या मानधनावर, येतात हे पाहावे, कारण तास संपताच पुढच्या महाविद्यालयाकडे धावणारा प्राध्यापक इच्छा असूनही विद्यार्थ्याला वेळ देऊ शकत नाही. त्याच नियमांनी प्रत्येक महाविद्यालयात विधी साहाय्य केंद्र आवश्यक केले आहे. त्या केंद्राची नोंदवही मागावी आणि गेल्या महिन्यात कोणते पक्षकार आले, त्यांच्याशी कोण बोलले, हे विचारावे. मूट स्पर्धेचा संघ खुल्या निवडीतून ठरतो की ओळखीने, आणि परगावच्या स्पर्धेचा प्रवासखर्च कोण देते, या दोन प्रश्नांतून संस्थेचा स्वभाव उघड होतो. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवड्यांची इंटर्नशिप सक्तीची आहे. ज्याच्या घरात कोणी वकील नाही त्याला ती मिळवून देण्याची व्यवस्था आहे काय, की ‘ओळख असेल तर बघा’ एवढेच उत्तर मिळते, हेही समजून घ्यावे.

सुरक्षिततेची चौकशी करताना संकोच नसावा. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्राचा कायदा १९९९ चा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम २००९ चे आहेत. ‘ओळख परेड’ हा परंपरेचा भाग आहे असे कोणी सांगू लागले तर सावध व्हावे. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीच्या अंतर्गत समितीत विद्यार्थी प्रतिनिधी निवडून येतात की नेमले जातात, वसतिगृहात मुलींना आणि मुलांना ग्रंथालयासाठी एकच वेळ आहे काय, आणि आवारात अपंग विद्यार्थ्याला पहिल्या मजल्यावरील वर्गात जाता येते काय, ही विचारपूस पालकांनीही करावी. राष्ट्रीय मानांकनात, म्हणजे ‘एनआयआरएफ’मध्ये, समावेशकतेला १०० पैकी १० गुणांचा भार आहे, उरलेल्या नव्वदांवर क्रमांक ठरत असल्याने केवळ क्रमांक पाहून हा अंदाज येत नाही.

या निकषाला मर्यादाही आहेत. एकाच गावचे, एकाच जातीचे किंवा एकाच शाळेतून आलेले विद्यार्थी जेथे घट्ट टोळकी करून राहतात तेथे आतल्यांना फार आपलेपणा वाटतो आणि बाहेरच्यांना तेवढाच परकेपणा. सर्वांशी गोड बोलणारे पण कोणाच्याही उत्तरपत्रिकेवर शेरा न लिहिणारे महाविद्यालय विद्यार्थ्याचे भले करत नाही, कारण पुढे अखिल भारतीय बार परीक्षेतील प्रश्न आणि समोरचा वकील दोघेही तसे गोड वागणार नाहीत. स्वागतशील संस्था ती, जेथे चुकीचा युक्तिवाद स्पष्टपणे खोडला जातो आणि तो मांडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावेसे वाटते. शिकवणी भक्कम असूनही सहवास नसेल तर तेथे जाण्याआधी विचार करावा. सहवास भरपूर आणि शिकवणी कच्ची असेल तर तेथे जाऊच नये.

पसंतीक्रम निश्चित करण्यापूर्वी विद्यार्थ्याने आणि पालकांनी निवडक दोनतीन महाविद्यालयांत, कोणताही समारंभ नसलेल्या साध्या कामाच्या दिवशी, जाऊन यावे. मराठी माध्यमातून आलेली, घरात वकील नसलेली, शेवटच्या वर्षातील एखादी विद्यार्थिनी गाठावी आणि पहिल्या वर्षी अडचण आली तेव्हा कोणाकडे गेलीस, एवढे विचारावे. तिला दोनचार माणसांची नावे पटकन सांगता आली, तर ते महाविद्यालय यादीत वर घेण्यास हरकत नाही.